सिंगापूरचे पाणी

३१ जानेवारी १९४२ रोजी माघार घेणाऱ्या ब्रिटिश सैन्याने जोहोरच्या सामुद्रधुनीवरील सेतू सुरुंग लावून उडविला. जपान्यांस अटकाव व्हावा हा हेतू. परंतु मलायाचे पाणी सिंगापूर बेटावर आणणारा नळ याच सेतूवरून गेलेला होता. सेतूबरोबर तोही तुटला. पुढे बेटावरील तलाव शत्रूच्या हाती पडले, बाँबवर्षावाने शहरातील नळ फुटले, आणि उरलेसुरले पाणी मातीत जिरू लागले. १५ फेब्रुवारीस सेनापती पर्सिव्हल शरण गेला, त्याच्या कारणांत पाण्याची टंचाई हे एक प्रमुख कारण होते.

सिंगापूरवर वरुणाची अवकृपा आहे, असे मात्र नव्हे. वर्षाकाठी सुमारे २,४०० मिलिमीटर, म्हणजे मुंबईच्या तोडीचा पाऊस तेथे पडतो. शिवाय तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होत नाही, बारमास येतो. उणीव आहे ती भूमीची. एवढ्याशा बेटावर नगर वसवावे की तलाव बांधावेत?

तेव्हा शेजाऱ्याचे पाणी विकत घेणे प्राप्तच होते. १९६१ व १९६२ साली जोहोरशी दोन करार झाले. दुसऱ्या करारान्वये जोहोर नदीतून प्रतिदिनी २५ कोटी गॅलन पाणी घेण्याचा हक्क मिळाला. दर हजार गॅलनांस ३ सेन! ९ ऑगस्ट १९६५ रोजी सिंगापूर मलेशियापासून विभक्त झाले तेव्हा हे करार कायम राखण्याची हमी लेखी मिळाली. तरीही, परराष्ट्रधोरण प्रतिकूल झाल्यास पाणी तोडता येईल, असे तुंकू अब्दुल रहमान यांनी ब्रिटिश हायकमिशनरजवळ बोलून दाखविले, अशी नोंद ली क्वान यू यांनी आपल्या आठवणींत केली आहे. घागर आपली व दोर दुसऱ्याच्या हाती, अशी ही स्थिती होती.

सांडपाणी शुद्ध करण्याचा पहिला प्रयोग १९७४ साली झाला. तो खर्चिक व बेभरवशाचा ठरून लवकरच सोडून द्यावा लागला. पुढे सूक्ष्म पडद्यांची विद्या सुधारली, आणि २००० साली बेडोक येथे प्रायोगिक कारखाना उभा राहिला. तेथे सांडपाणी प्रथम बारीक छिद्रांच्या पडद्यांतून गाळीत. मग क्षारही अडवून धरणाऱ्या पडद्यांतून दाबाने ढकलीत. शेवटी त्यावर अतिनील किरण सोडीत. खरा अडथळा यंत्राचा नव्हता, मनाचा होता. गटारातील पाणी, मग ते कितीही निर्मळ केलेले असो, सहजासहजी ओठांस कोण लावील? म्हणून ९ ऑगस्ट २००२ च्या राष्ट्रदिनी सुमारे साठ हजार लोकांनी ‘न्यूवॉटर’च्या बाटल्या उंचावून ते एकत्र प्राशन केले. २००३ पासून त्याचा नियमित पुरवठा सुरू झाला. यातील बहुतेक पाणी कारखान्यांस जाते. अवर्षणात थोडेसे तलावांत सोडतात व पुन्हा शुद्ध करूनच घरोघर पोचवितात.

२००५ साली तुआस येथे समुद्राचे पाणी गोडे करणारा पहिला कारखाना निघाला. क्षमता प्रतिदिनी ३ कोटी गॅलन. यास वीज फार लागते, परंतु समुद्र कोणाशी करार मागत नाही.

२०११ साली पहिल्या कराराची मुदत संपली. सिंगापूरने तो वाढवून मागितला नाही. जोहोरमधील त्या करारातील जलशुद्धीकरण केंद्रे मात्र जोहोरच्या स्वाधीन केली. १९६२ चा करार २०६१ पर्यंत चालावयाचा आहे. त्याच्या दरावरून दोन्ही सरकारांत वाद झडत आला आहे, आणि पाण्याचे नळ आजही त्याच सेतूवरून जातात.