घर कोठे संपते? : अमेरिकेतील भाडेकरू, शस्त्राधिकार आणि सामाईक जिना

‘प्रत्येकाचे घर हा त्याचा किल्ला’ हे रूपक इंग्रजी विधिपरंपरेत 1604 सालच्या सेमेन खटल्याने रूढ केले. एडवर्ड कोक यांनी नोंदविलेल्या या निवाड्याचा निर्देश पुढील चार शतके होत राहिला. मात्र त्याचा तपशील सहसा दुर्लक्षित राहिला. खटल्यातील लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स भागातले घर कोणा सरदाराचा वाडा नव्हते. ग्रेशम आणि बेरिसफर्ड या दोघांनी ते मुदतीच्या पट्ट्याने संयुक्तपणे धारण केले होते. बेरिसफर्ड ऋणको असतानाच मरण पावला, त्याची चीजवस्तू घरात राहिली आणि ग्रेशमने वसुलीस आलेल्या अधिकाऱ्याला दार बंद केले. किल्ल्याचे रूपक रूढ झाले ते अशा सामाईक, पट्ट्याच्या घरात. न्यायालयाने मर्यादाही तेव्हाच घातली : किल्ल्याचे संरक्षण घरधन्याला आणि त्याच्या मालमत्तेला आहे, आत आश्रयास आलेल्या इतरांना नाही.

रूपक अमेरिकेत पोहोचले तेव्हा ही पार्श्वभूमी गळून पडली आणि स्वतःच्या उंबरठ्यावर बंदूक घेऊन उभा राहिलेला गृहस्वामी तेवढा उरला. 2008 सालच्या ‘डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध हेलर’ या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वसंरक्षणार्थ घरात पिस्तूल बाळगण्याचा वैयक्तिक हक्क मान्य केला. 2010 मध्ये ‘मॅकडोनल्ड विरुद्ध शिकागो’ निवाड्याने तो राज्यांना व नगरांनाही बंधनकारक ठरविला. दोन्ही निवाड्यांच्या केंद्रस्थानी ‘घर’ हा शब्द आहे. परंतु ज्याचा जिना, धुलाईघर आणि प्रवेशद्वार शेजाऱ्यांशी सामाईक आहे, त्या भाडेकरूचे घर कोठे संपते?

या प्रश्नाचे दुसरे टोक शिकागोच्या सार्वजनिक वसाहतींत दिसते. रॉबर्ट टेलर होम्स या सोळा मजली इमारतींच्या वसाहतीत 1990 च्या दशकात टोळ्यांचा गोळीबार नित्याचा झाला. गृहनिर्माण प्राधिकरणाने शस्त्रांच्या शोधासाठी घरोघर विनावॉरंट झडत्या सुरू केल्या. एप्रिल 1994 मध्ये ‘प्रॅट’ खटल्यात संघीय न्यायालयाने त्यांना मनाई केली. लक्षणीय बाब अशी की, झडत्यांना आव्हान देणारे भाडेकरू होते आणि त्यांचे समर्थन करणारे प्रतिनिधीही भाडेकरूच होते. एकाला दारावर थाप मारणाऱ्या अधिकाऱ्याचे भय होते, दुसऱ्याला जिन्यातील गोळीचे. एकाच मजल्यावरची ही दोन्ही भये खरी होती.

डेलावेअर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये याच जिन्याचा विचार केला. विल्मिंग्टनच्या सार्वजनिक गृहनिर्माण प्राधिकरणाने भाडेकरारात कलम घातले होते : घरापर्यंत ने-आण करण्याखेरीज सामाईक जागेत शस्त्र बाळगू नये. राज्यघटनेतील शस्त्राधिकाराच्या तरतुदीच्या आधारे न्यायालयाने ते रद्द केले. सामाईक जागाही निवासाचाच भाग असून तेथे भाडेकरूला स्वसंरक्षणाची गरज भासू शकते, अशी त्यामागील भूमिका होती. येथे एक भेद निर्णायक आहे. प्राधिकरण हे शासन आहे, म्हणून राज्यघटना त्याला बांधते. खाजगी घरमालकाला ती सामान्यतः बांधत नाही. त्यामुळे बंदूक निषिद्ध ठरविणारा खाजगी करार अनेक राज्यांत शक्य आहे. मिनेसोटासारख्या राज्याने मात्र कायद्याने घरमालकाला अशी बंदी घालण्यापासून रोखले आहे. तात्पर्य, भाडेकरूचा हक्क पुष्कळदा राज्यघटनेपेक्षा करारपत्र आणि राज्याची सीमा यांवरच ठरतो.

एकाच खोलीतल्या सहनिवासात गुंतागुंत अधिकच वाढते. संघीय कायद्यानुसार गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्तीला शस्त्र बाळगता येत नाही, आणि ‘बाळगणे’ म्हणजे केवळ हातात धरणे नव्हे. त्यावर नियंत्रण ठेवण्याची क्षमता व इच्छाही त्यात मोडते. म्हणून सामाईक कपाटात ठेवलेली एकाची वैध बंदूक दुसऱ्याला आरोपी बनवू शकते. ग्रेशम-बेरिसफर्डचा पेच असा चारशे वर्षांनी परत येतो : एका छताखाली कोणाची वस्तू कोणाच्या माथी?

साहित्याने हा पेच न्यायालयांआधी ओळखला होता. रिचर्ड राइट यांच्या ‘नेटिव्ह सन’ (1940) या कादंबरीतील बिगर टॉमस आई व भावंडांसह शिकागोत एकाच भाड्याच्या खोलीत राहतो. ज्या डाल्टनकडे तो चाकरीस जातो, त्याच्याच कंपनीच्या मालकीची ती खोली आहे. आणि त्या घरी जाताना बिगर पिस्तूल सोबत नेतो. येथे शस्त्र आहे, परंतु किल्ला नाही. किल्ल्याची भाषा मालकाकडे आणि भय भाडेकरूकडे, अशी ही वाटणी कादंबरीने विधिशास्त्राआधी नोंदविली. तौलनिक अभ्यासकाने रूपकांचा प्रवास तपासताना म्हणूनच विचारावे की, प्रवासात कोणता रहिवासी मागे राहिला. सेमेन खटल्याच्या बाबतीत तो पट्टेदार होता.