सुईविणीचे कापड, वास्तुरचनेतील

धाग्याचे फास एकमेकांत ओवून तयार केलेल्या कापडाचा (व्यवहारातील होजिअरी कापड) छत, मंडप वा काँक्रीटचा साचा म्हणून केलेला उपयोग. मागावरील कापडात ताणा व बाणा एकमेकांना काटकोनात छेदतात, त्यामुळे ते फारसे ताणले जात नाही. सुईविणीतील फास मात्र ओढ पडेल तसे रुंदावतात किंवा लांबतात. म्हणूनच पायमोजा टाचेवर चुणी न पडता बसतो. घुमटासारख्या किंवा खोगिरासारख्या द्विवक्र पृष्ठांना हाच गुण उपकारक ठरतो.

भिंतीचे मूळ विणलेल्या पडद्यात आहे, असे मत जर्मन वास्तुविशारद गोटफ्रीट झेंपर (१८०३–७९) यांनी मांडले. तथापि विल्यम ली यांनी इंग्लंडमध्ये १५८९ मध्ये मोजे विणण्याचे यंत्र तयार केल्यानंतरही ही वीण दीर्घकाळ मुख्यत्वे वस्त्रांपुरतीच राहिली. तिचा लवचिकपणा बांधकामात दोषच मानला जाई. फ्राय ओटो (१९२५–२०१५) यांनी कासेल येथे १९५५ मध्ये उभारलेला संगीतमंडपही मागावरच्या सुती कापडाचा होता. अशा कापडाचे तुकडे बेतून जोडावे लागतात. संगणकनियंत्रित यंत्रांमुळे टाक्यागणिक वीण बदलणे आणि छिद्रे, खिसे व नळ्या कापडातच विणणे शक्य झाले. जेनी सेबिन यांनी २०१७ मध्ये न्यूयॉर्क येथे उभारलेल्या ‘लूमेन’ मंडपात, प्रकाश शोषून तो अंधारात सोडणारे धागे वापरले होते.

या तंत्राचे खरे महत्त्व काँक्रीटच्या पातळ कवचांच्या संदर्भात आहे. फेलिक्स कँडेला (१९१०–९७) यांनी मेक्सिकोत अशी अनेक छते बांधली. सोचिमिल्को येथील उपाहारगृहाचे छत (१९५८) सु. ४ सेंमी. जाडीचे आहे. परंतु त्यांसाठी लाकडी फळ्यांचे सेंट्रिंग व कुशल मजुरी विपुल लागे. मजुरी महागल्यावर ही पद्धत मागे पडली. कँडेलांच्या स्मरणार्थ २०१८ मध्ये मेक्सिको सिटीत उभारलेल्या ‘निटकँडेला’ या कवचाने त्यावर उपाय दाखविला. झुरिक येथील तंत्रविद्यापीठ व झाहा हदीद यांची वास्तुसंस्था यांनी ते रचले. विणलेल्या चार पट्ट्या व तारांचे जाळे मिळून साचा अवघा ५५ किग्रॅ. भरला आणि प्रवासी सामानातून नेता आला. चौकटीवर ताणून त्यावर सिमेंटचा पातळ लेप दिला. तो कठीण झाल्यावर पाच टनांहून अधिक काँक्रीट त्याने पेलले. खिशांत फुगविलेल्या फुग्यांमुळे काँक्रीटमध्ये पोकळ्या राहून वजन घटले.

उघड्या कापडाला अतिनील किरण, आग व कालांतराने येणारा सैलपणा यांपासून धोका असतो. आतापर्यंतच्या बहुतेक रचना तात्पुरत्या मंडपांच्या आहेत. कायम वस्तीच्या इमारतींत हे तंत्र कितपत टिकते, यावर त्याचे भवितव्य अवलंबून आहे.