तारेची एरिअल आणि कार्डांची गड्डी

तारेची एरिअल उभारायची म्हणजे पूर्वी खांब रोवा, तार ओढा, मोजा, कापा आणि पुन्हा ओढा, असा खटाटोप असे. तो हिशेबानं उरकावा म्हणून ज्या संगणकीय आज्ञावली निघाल्या, त्यांत नेक हिचं नाव मोठं. अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत बर्क आणि पोजिओ या दोघांनी तिची दुसरी आवृत्ती सिद्ध केली. तिचा अहवाल १९८१ चा. युक्ती अशी की, तारेचे मनानं लहान लहान तुकडे पाडायचे आणि साऱ्या तुकड्यांतला प्रवाह एकदम सोडवायचा.

त्या काळी संगणकाला मजकूर पुरवीत तो भोकं पाडलेल्या कार्डांवर. एका कार्डावर ८० रकाने. एका तारेला एक कार्ड, अशी गड्डी यंत्रात सरकवायची. कार्डं गेली, चाल मात्र राहिली. आजही एरिअलची फाइल उघडा: साधा मजकूर, दर ओळीच्या आरंभी दोन रोमन अक्षरं, आणि जाणकार त्या ओळीला अजून कार्डच म्हणतात!

समजा, १४.१ मेगाहर्ट्झसाठी सुमारे १० मीटर तार आडवी टांगायची आहे. जीडब्ल्यू कार्डावर तारेचा क्रमांक १, तुकडे २१, मग दोन्ही टोकांच्या जागा आणि शेवटी त्रिज्या. व्यास नव्हे बरं का. नवखा इथं हटकून फसतो. तुकडे विषम अशासाठी की नेमका मधला तुकडा मिळावा. २१ मधला ११ वा. तार तिथून चेतवायची, म्हणून ईएक्स कार्डावर ११ लिहायचे.

आता कुणी बारकावा यावा म्हणून २१ चे ४१ केले आणि ईएक्स कार्ड तसंच ठेवलं, तर? मध्य सरकला २१ वर. जोड मात्र राहिला टोकापासून पाव अंतरावर. संगणक हूं की चूं करीत नाही. रोध जवळजवळ दुप्पट दाखवतो, तोही दशांश चिन्हांसकट. हिशेब चोख, एरिअल मात्र दुसरीच!

१९८२ मध्ये अमेरिकी नौदलाच्या मंडळींनी बेसिक भाषेत मिनिनेक लिहिली आणि हे काम घरगुती संगणकावर आलं. पुढे रॉय लेवालन यांच्या ईझेडनेकमध्ये चेतवण्याची जागा टक्क्यांत लिहिता येऊ लागली: ५० टक्के म्हणजे मध्य, मग तुकडे २१ असोत की ४१. ही आज्ञावली त्यांनी २०२२ मध्ये फुकट खुली केली. जुन्या गड्डीवाल्यांनी मात्र तुकडे बदलले की ईएक्स कार्डाकडे अजूनही वळून पाहावं लागतं.