उलट्या फणीची गोष्ट



गणेशोत्सवातल्या मुलींच्या नाचाची वेशभूषा गेली चार वर्षे माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी साठच्या दशकातल्या गाण्यांचा कार्यक्रम बसवला आणि नऊ मुलींच्या डोक्यावर त्या काळचा उंच फुगा हवा, असे ठरले. मुशैरिबमधल्या एका लेडीज सलूनमध्ये पडद्यामागे मुली ओळीने बसल्या आणि सगळ्यांच्या केसांवरून भराभर उलटी फणी फिरली. फुगे झकास झाले, टाळ्याही पडल्या. रात्री मात्र एका बारा वर्षांच्या मुलीचा गुंता काही केल्या सुटेना. आईने तासभर खटपट केली आणि शेवटी कात्री घेतली. टाळ्या मी घेतल्या होत्या, तेव्हा दोषही माझ्याच पदरी. यंदा त्या मुलीने "मी नाचात नाही" असे स्पष्ट सांगितले आहे.

मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी. केस ही वस्तू मला प्रयोगशाळेतून ठाऊक आहे, आणि तरी ती चूक माझ्या डोळ्यांदेखत झाली. म्हणून वर्षभर थोडे वाचले, घरातल्या मोठ्यांना थोडे विचारले. ते इथे मांडते.

केसांचा भार वाढवून दाखवण्याची हौस काही सिनेमाने आणलेली नाही. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात आरशात पाहणारी राजकन्या आहे, ती दीड हजार वर्षांपूर्वीची. पण आपल्याकडची रीत पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. भार वाढवायचा तो बाहेरून काहीतरी घालून. स्वतःच्या केसांना कोणी उलटे करत नसे. वेणी पातळ असेल तर गंगावन. पूर्वी ते वनगाईच्या, म्हणजे चमरीच्या, शेपटीच्या केसांचे असे. पुढे माणसाच्या केसांचे आले, मग काळ्या लोकरीचे आणि नायलॉनचे. अंबाडा लहान दिसला तर त्यावर फुलांची वेणी, अग्रफूल, मूद, राखडी. तिपेडीऐवजी पाचपेडी घातली की त्याच केसांची वेणी रुंद दिसते. आणि खोपा! सुगरणीच्या घरट्याचे नाव बायकांच्या केशरचनेला कोणी दिले कोण जाणे, पण ज्याने दिले त्याची नजर मोठी होती.

हा भार प्रत्येकीच्या वाट्याला नव्हता, हेही सांगायला हवे. ज्या समाजात सवाष्णीच्या अंबाड्याचे एवढे कौतुक होते, त्याच समाजातल्या अनेक घरांत नवरा गेला की न्हाव्याला बोलावणे जाई. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी मंडळींची सभा भरली आणि विधवांचे केशवपन आपण करणार नाही, असे त्यांनी ठरवले. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. आपल्या केसांचे काय करायचे हे बाईने स्वतः ठरवणे ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी नाही. बारा वर्षांच्या मुलीचे केस तिला न विचारता कापावे लागले, तेव्हा मला हे सारखे आठवत होते.

आता साठचे दशक. अमेरिकेत शिकागोजवळ मार्गारेट विंची हेल्ट नावाच्या केशरचनाकार होत्या. एका सौंदर्यविषयक मासिकाने नव्या दशकासाठी काहीतरी नवे करून दाखवा म्हटले, आणि त्यांनी केस उलट्या फणीने उभे करून वरून गुळगुळीत गुंडाळले. १९६० च्या फेब्रुवारीत ते छापून आले. नाव पडले 'बीहाइव्ह', म्हणजे मधमाश्यांचे पोळे. तिकडे पोळे, आपल्याकडे खोपा! ही हेल्टबाई २०१६ मध्ये ९८ व्या वर्षी वारली, म्हणजे आपल्या रचनेचे दोन-तीन पुनर्जन्म तिने पाहिले असणार.

हिंदी पडद्यावर तो फुगा यायला वेळ लागला नाही. मराठी घरांत तो शिरला त्यात मास्टर विनायकांच्या लेकीचा, नंदाचा, वाटा मोठा. १९६५ मध्ये 'गुमनाम' आणि 'जब जब फूल खिले' दोन्ही आले. माझ्या आजीचे लग्न १९६७ चे, दादरला झालेले. फोटोत तिच्या डोक्यावर चांगला वीतभर फुगा आहे. "नंदासारखा हवा" म्हणून तिने हट्ट केला होता. मी तिला फोनवर विचारले, "आजी, त्या दिवशी गुंता कसा सोडवलास?" ती हसायलाच लागली. शेजारच्या काकूंनी उलटी फणी लावलीच नव्हती. काळ्या लोकरीची उशी करून ती आत बसवली, वरून केसांचा पातळ थर ओढला आणि आकडे लावले. "रात्री उशी काढून ठेवली, संपलं!" आजीच्या नंदाच्या आत जुने गंगावनच होते तर.

उलट्या फणीने नेमके काय होते? केसाच्या पृष्ठभागावर खवल्यांचे थर असतात, एकावर एक सहा ते दहा. कोकणातल्या घरावर मंगळुरी कौले असतात तशी त्यांची मांडणी. मोकळी कड नेहमी टोकाकडे. मुळाकडून टोकाकडे बोट फिरवले तर केस मऊ लागतो, उलट फिरवले तर किंचित अडतो. कौलांवर खालून वर झाडू मारला तर कौले उचकटतात; उलटी फणी हेच करते. खवले एकमेकांत अडकतात, केसांचे जाळे होते आणि ते जाळे वरच्या केसांना उचलून धरते. लोकर चोळून नमदा करतात त्यातही खवल्यांचीच अडकण असते. फरक एवढाच की नमदा परत सोडवायचा नसतो.

आणि केस मेलेला असतो. कातडीची जखम भरते, खवला पुन्हा उगवत नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे कमरेपर्यंत केस असलेल्या मुलीच्या टोकाशी चार-पाच वर्षांपूर्वीचे केस असतात, आणि तेवढ्या वर्षांतले सगळे घाव त्यांवर जमा असतात. टोकापर्यंत उलटी फणी नेणे हा शुद्ध अविचार. ओल्या केसांत तर मुळीच नको, कारण पाण्याने केसाच्या आतले हायड्रोजन बंध सैल होतात आणि तो रबरासारखा ताणून खराब होतो.

फुगा टिकवायला फवारा लागतो. त्याचा इतिहास मला फार आवडतो, म्हणून थोडे विषयांतर करते. सुरुवातीच्या फवाऱ्यांत लाख असे. तीच आपली बांगड्यांची, मोहोरेची आणि ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांची लाख. जगात ती मुख्यतः भारतातून जाई. रांचीजवळ नामकुमला १९२४ पासून तिच्यावर संशोधन करणारी संस्था आहे. लाख पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे धुताना त्रास. मग जर्मनीत वॉल्टर रेप्पे यांनी शोधलेला पीव्हीपी हा पदार्थ आला. दुसऱ्या महायुद्धात जखमींना रक्तद्रवाऐवजी देत तोच. तो पाण्याने निघतो, पण दमट हवेत चिकट होतो. सप्टेंबरातल्या दोह्यात आपले फुगे सभागृहाच्या दारापर्यंतच का टिकतात, ते यावरून कळावे. डब्यात दाबासाठी भरलेले वायू हे आणखी एक प्रकरण. काही फवाऱ्यांत १९७४ पर्यंत व्हिनाइल क्लोराइड असे, जे पुढे कर्करोगकारक ठरले. केसांच्या हौसेपायी माणसांनी काय काय हुंगले आहे! आजचे फवारे त्या मानाने बरे, पण बहुतेकांत अल्कोहोल असते. ताजा फवारा मारलेली मुलगी आरतीच्या निरांजनाजवळ कृपया उभी करू नका.

तेलाबद्दल आपल्या आज्या बरोबर होत्या. मुंबईत आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली. तो निबंध २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिघांपैकी केसातल्या प्रथिनांची झीज लक्षणीय कमी केली ती एकट्या खोबरेलाने. संशोधन खोबरेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीतलेच, म्हणून मी ते जरा भुवया उंचावूनच वाचले. पण कारण पटते. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचे रेणू सरळ आणि लहान, ते केसाच्या आत शिरू शकतात. खनिज तेल वरच राहते.

तेव्हा फुगा हवाच असेल तर असा. आदल्या दिवशी खोबरेल लावून केस धुवावेत आणि पूर्ण वाळू द्यावेत. टाळूवरची बोटभर रुंदीची बट सरळ वर धरावी. फणी मुळापासून चार-पाच सेंटिमीटरवर घालून मुळाकडे हलकेच ढकलावी आणि बाहेर काढावी. वर-खाली घासू नये. तीन-चार वेळा पुरे. पुढचा थर न विंचरलेला ठेवून त्यावर झाकावा. सोडवताना फणीला घाई नको. आधी बोटांना तेल किंवा कंडिशनर लावून गुंता सैल करावा, मग रुंद दातांची फणी टोकाकडून सुरू करून हळूहळू वर सरकावी. आम्ही गेल्या वर्षी मुळापासून ओढत सुटलो. तिथेच घात झाला.

पण यंदाचा मार्ग मला सापडला तो मुशैरिबमध्येच. जुन्या वस्तीचा बराच भाग पाडून तिथे नवे नगर उभे राहिले, हे आपण पाहिलेच. २०१५ पासून त्यातली चार जुनी घरे संग्रहालये म्हणून उघडी आहेत. ती पाहून मी सूक वाकिफकडे चालत गेले. एका दुकानात कापडी पाकळ्यांचे, नारळाएवढे मोठे चाप टांगलेले होते. आखातातल्या तरुणी अंबाड्यावर हा चाप लावून वरून शैला घेतात, म्हणजे डोक्यामागे डौलदार उंचवटा दिसतो. 'गंबूआ' म्हणतात त्याला. २००० नंतर काही वर्षे त्याची फार चलती होती. केसाला उलटी फणी नाही, फवारा नाही. रात्री काढून ठेवला, संपले. मला एकदम आजीची लोकर आठवली.

नऊ चाप घेऊन आले आहे. काळी लोकर भारतातून मागवली आहे. येत्या शुक्रवारी दुपारी चार वाजता आमच्या घरी रंगीत तालीम आहे, मुलींनी केस कोरडे ठेवून यावे. त्या मुलीच्या आईचा काल फोन आला होता. ती येणार आहे. नाचायला नाही, म्हणे, नुसते बघायला.