दातवण, मिश्री आणि पांढरे दात: पेशंटच्या प्रश्नांमागचा इतिहास

(ऑडिओ भागाचं शब्दांकन. ऐकताना निसटलेलं इथे सावकाश वाचता येईल.)

आपल्या या पॉडकास्टवर किल्ल्यांचा, पेठांचा, संस्थानांचा इतिहास नेहमी होतो. आज जरा वेगळा विषय. आज तोंडाचा इतिहास.

मी दातांचा डॉक्टर. धाराशिव जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो, आणि इतिहासाचा नाद आहे म्हणून हा माइक समोर आहे. माझ्या खुर्चीत बसणारी माणसं वेगवेगळी असतात, पण प्रश्न फिरून फिरून तेच. "डॉक्टर, किडा निघाला का?" "वरची दाढ काढली की नजर जाती म्हणतेत, खरं हाय का?" "दात साफ केले की सैल होतेत ना?" "दुधाचाच दात हाय, पडणारच हाय की, भरायचा कशाला?" आणि लग्नसराई जवळ आली की, "पोरीचे दात पांढरे करून मिळतील का?"

या प्रत्येकाचं उत्तर दोन वाक्यांत देता येतं. पण माणूस मान डोलावतो, उठतो, आणि बाहेर गेल्यावर शेजारणीचंच खरं मानतो. मग लक्षात येतं की हे प्रश्न अडाणीपणातून आलेले नाहीत. प्रत्येकामागे कुणाचा तरी खराखुरा अनुभव आहे. तो कुठला, ते बघूया.

किडा निघाला का?

"दाताला कीड लागली" हे आपण आजही म्हणतो. ही समजूत फक्त आपली नाही. बाबिलोनच्या मातीच्या विटांवर दातातल्या किड्याची गोष्ट कोरलेली आहे. आपल्याकडे आयुर्वेदात 'कृमिदंत' हा शब्द आहे. 1728 मध्ये पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने दातांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि दातातला किडा आपल्याला कधी दिसला नाही, अशी भूमिका घेतली. तोपर्यंत युरोपातही किडाच दोषी होता.

मग आपल्या आजीने डोळ्यांनी पाहिलेला किडा कुठला? खेड्यापाड्यांत रिंगणीच्या बियांची धुरी देत. निखाऱ्यावर बिया, वर नळी किंवा फुंकणी, तोंडात धूर, खाली पाण्याचं भांडं. थोड्या वेळाने पाण्यात बारीक पांढऱ्या अळ्या तरंगताना दिसत. त्या अळ्या म्हणजे तापून फुटलेल्या बियांमधले कोंब. युरोपातही अशीच धुरी देत, फक्त तिथे खुरासनी ओव्याच्या बिया वापरत. गंमत म्हणजे ती वनस्पती आणि आपली रिंगणी एकाच कुळातल्या. हजारो मैलांवरच्या लोकांनी तेच पाहिलं आणि तोच निष्कर्ष काढला. धुराने ठणका थोडा वेळ कमीही वाटत असेल. म्हणजे आजीने खोटं सांगितलं नाही, तिने जे दिसलं ते सांगितलं.

खरं कारण 1890 मध्ये विलोबी मिलर या संशोधकाने नीट मांडलं. तोंडातले जंतू साखर-पिठूळ खाऊन आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवतं. आता आपल्या भागाकडे बघा. इथल्या माणसाची न्याहारी भाकरी-कालवण होती, गोड सणावारी. मग कारखाने आले, साखर किराणा दुकानात रोजची झाली, चहा-बिस्किट घरोघरी पोहोचलं. ढोकीच्या तेरणा कारखान्याची साखर असो की बाहेरची, जंतूंना फरक पडत नाही. त्यांना गोड किती मिळालं यापेक्षा दिवसातून किती वेळा मिळालं हे जास्त महत्त्वाचं. दिवसात सहा चहा म्हणजे दातांवर सहा हल्ले.

वरची दाढ काढली की नजर जाते?

सरळ उत्तर: नाही. दातांच्या संवेदनेची नस वेगळी, नजरेची वेगळी. पण ही भीती आली कुठून?

दोन जागा मला दिसतात. पहिली वयाची. पूर्वी दाढा पडायला लागत त्या चाळिशीच्या आसपास, आणि जवळचं दिसेनासं होतं तेही त्याच वयात. त्याला आपण 'चाळिशी' म्हणूनच तर म्हणतो! दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या, लोकांनी एकीचं खापर दुसरीवर फोडलं.

दुसरी जागा जास्त गंभीर आहे. वरच्या दाताचा पू चेहऱ्याच्या शिरांतून डोळ्यामागच्या भागापर्यंत चढू शकतो. अँटिबायोटिक्स नव्हती, तेव्हा अशा माणसाचा डोळा सुजायचा, कधी जीवही जायचा. दात काढला तो जत्रेत बसणाऱ्याने नाहीतर न्हाव्याने, हत्यार न उकळता. आठ दिवसांनी डोळा गेला. गाव काय म्हणणार? दात काढला म्हणून डोळा गेला. निरीक्षण बरोबर होतं. दोष मात्र दात काढण्याचा नव्हता, पू आणि मळक्या हत्याराचा होता. म्हणून मी आज उलटं सांगतो: वरच्या दाताला सूज आहे आणि भीतीपोटी तो तसाच ठेवलाय, हाच खरा धोका.

भुलेची गोष्टही इथेच सांगतो. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. त्याच संस्थानात 1888 आणि 1889 मध्ये क्लोरोफॉर्म किती सुरक्षित आहे हे तपासायला दोन आयोग बसले, निजामाच्या पैशावर, आणि त्यांची चर्चा लंडनपर्यंत गाजली. राजधानीत जगाला भूल शिकवली जात होती आणि परंडा-भूमच्या माणसाची दाढ मात्र दोघांनी हात धरून उपटली जात होती. आज आम्ही हिरडीत जे इंजेक्शन देतो ते लिग्नोकेन स्वीडनमध्ये 1943 मध्ये तयार झालं आणि 1948 मध्ये बाजारात आलं.

1948 हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी मार्चमध्ये भारतात दंतवैद्यक कायदा झाला. आपला जिल्हा तेव्हा अजून निजामाकडेच होता; 17 सप्टेंबरला हैदराबाद मुक्त झालं. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय 1933 पासून होतं. मराठवाड्यात औरंगाबादला सरकारी दंत महाविद्यालय निघालं ते 1982 मध्ये, ज्या वर्षी आपल्यातून लातूर जिल्हा वेगळा झाला. जवळजवळ पन्नास वर्षांचं अंतर! ज्या पिढीने दात काढणं म्हणजे किंचाळणं एवढंच पाहिलं, तिची नातवंडं आज खुर्चीत थरथरतात, यात नवल काय?

साफ केले की दात सैल होतात?

दातांवर साचून दगडासारखा होणारा थर म्हणजे किटण. सुश्रुतसंहितेत त्याला दंतशर्करा म्हटलंय, आणि ती काढताना दाताच्या मुळाला इजा करू नये असंही बजावलंय. दात खरवडायच्या 'दंतशंकु' हत्याराचं नाव तिथे आहे. म्हणजे दात साफ करून घेणं ही काही काल-परवाची फॅशन नाही.

मग सैल का वाटतात? किटणाखाली हिरडी आणि हाड आधीच खाली सरकलेलं असतं. बाजूच्या दातांना किटणाने सिमेंटसारखं जखडून ठेवलेलं असतं. ते काढलं की आधीपासून असलेली फट दिसते, दात हलतो. पडक्या भिंतीवरचा वेल काढला की भिंतीच्या भेगा दिसतात, तसंच. भेगा वेलाने झाकल्या होत्या, त्या काढणाऱ्याने पाडल्या नाहीत.

पांढरे करून मिळतील का?

हा माझा आवडता प्रश्न, कारण शे-दीडशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न बरोबर उलटा होता: काळे कसे करायचे?

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात 'दातवण' शब्द सापडतो. हिराकस, हिरडा वगैरेंची पूड, बायकांनी दात काळे करायला वापरायची. काळेभोर, चकचकीत दात हे सवाशिणीचं लेणं होतं. हिरड्यातलं तुरट द्रव्य आणि हिराकशीतलं लोखंड एकत्र आलं की पक्का काळा रंग होतो; जुनी शाईही याच रसायनाची. दख्खनी मुसलमान घरांत हीच गोष्ट 'मिस्सी' नावाने होती. 1832 मध्ये इंग्रजीत छापलेल्या 'कानून-ए-इस्लाम' या दख्खनी चालीरीतींच्या पुस्तकात मिस्सी येते. जपानमध्येही लोखंड आणि माजूफळासारख्या गाठींनी दात काळे करत. 1870 मध्ये तिथल्या सरकारने सरदार घराण्यांना ते बंद करायला लावलं.

मग आपल्याकडे इंग्रजी अमदानीत हळूहळू वारं फिरलं. काळे दात गावंढळ ठरले, पांढरे सुशिक्षित. माकडछाप काळी पावडर आली, तिचा रंग काळा पण वचन पांढऱ्याचं! बाभळीची काडी, कडुनिंबाची काडी, गोवरीची राखुंडी मागे पडत गेली आणि नायलॉनच्या केसांचा ब्रश आला. तो जगात पहिल्यांदा 1938 मध्ये विकला गेला.

म्हणून कुणी आई मुलीला घेऊन येते आणि "एकदम पांढरे करा" म्हणते, तेव्हा मी आधी सांगतो: निरोगी दात कागदासारखे पांढरे नसतात. वरच्या काचेसारख्या थरातून आतला पिवळसर थर दिसतो, तो त्यांचा खरा रंग. ब्लीचिंगने रंग उजळतो, पण कायमचा नाही, आणि काही दिवस दात आंबल्यासारखे सळसळतात. घरी लिंबू, सोडा, राख घासून पांढरं करायला गेलं तर वरचा थरच झिजतो, आणि तो पुन्हा येत नाही. किटण, हिरड्या, कीड हे आधी बघायचं, रंग शेवटी. आणि एक गोष्ट इतिहास शिकवतो: फॅशन काळी होती तेव्हाही आणि पांढरी झाली तेव्हाही, आरशासमोर उभं केलं गेलं ते मुलीलाच. मुलाचे दात पांढरे करून द्या म्हणणारी आई फार क्वचित येते.

मिश्रीने दात घट्ट होतात ना?

इथे जरा थांबून ऐका. मिस्सी आणि मिश्री, शब्द शेजारी-शेजारी बसतात. पण आतली वस्तू बदलली. मिस्सीत हिरडा-लोखंड होतं. मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू. ती दातांना चोळतात, मग थोडा वेळ गालात धरतात. रानात जाणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायकांची सकाळ तिनेच होते. भूक मरते, ठणका बधिर होतो, पोट साफ होतं असं त्या सांगतात. "घट्ट होतात" हा भास त्या बधिरपणाचाच. दुखणं कळत नाही, म्हणून दात बरा वाटतो.

1992 मध्ये केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली, सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. पण घरच्या तव्यावरच्या मिश्रीला कुठला कायदा गाठणार? 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी जवळपास चौथा हिस्सा धूर न निघणारी तंबाखू वापरतो असं दिसलं.

आणि याबाबतीत आपला भाग अंधारात नाही. देशातली ग्रामीण भागातली पहिली कर्करोग नोंदणी 1987 मध्ये बार्शीला सुरू झाली आणि तिच्यात बार्शीबरोबर आपले परंडा आणि भूम हे तालुके आहेत. 1999 पासून याच जिल्ह्यातल्या 1 लाख 31 हजारांहून अधिक बायका गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या अभ्यासात सामील झाल्या. 2009 मध्ये त्याचे निष्कर्ष जगभर वाचले गेले. सांगायचा मुद्दा हा की, कुणी गावात जाऊन नीट समजावून सांगितलं तर आपल्या बायका तपासणीला पुढे येतात. तोंडाची तपासणी तर त्याहून सोपी. केरळात झालेल्या मोठ्या अभ्यासात, प्रशिक्षित माणसाने नुसतं तोंड उघडून बघितल्याने तंबाखू-दारू घेणाऱ्यांतले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले.

म्हणून घरात मिश्री, तंबाखू, गुटखा कुणी घेत असेल तर उजेडात तोंड बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारं तोंड, पूर्ण न उघडणारा जबडा. दुखत नसेल तरी दाखवा. सुरुवातीला दुखत नाही, हीच त्याची लबाडी.

दुधाचा दात भरायचा कशाला?

शेवटचा प्रश्न. पडलेला दात उंदराच्या बिळात टाकायची आपली रीत आहे, उंदरासारखे चिवट दात यावेत म्हणून. त्या रीतीत दुधाचा दात म्हणजे जाणारा पाहुणा. पण हा पाहुणा येणाऱ्याची जागा धरून बसलेला असतो. तो आधीच गेला तर शेजारचे सरकतात आणि नवा दात वाकडा येतो. तारा लावायचा खर्च मग आठ-दहा वर्षांनी समोर येतो. आणि साधारण सहाव्या वर्षी सगळ्यात मागे जी दाढ येते, ती कुठलाही दात न पडता येते. आई-बापांना ती दुधाचीच वाटते. ती कायमची असते! ती किडली तर बदली कुणी येत नाही.

तर मंडळी, आजीचे प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. तिने जे पाहिलं ते खरं होतं, त्याचं कारण तिला कुणी सांगितलं नव्हतं, कारण सांगणारा तेव्हा पन्नास कोसांवरही नव्हता. आज आहे. हा भाग घरातल्या मोठ्यांना ऐकवा, आणि ऐकवून झाल्यावर त्यांना म्हणा, "जरा तोंड उघडा बरं, बघू."

भेटूया पुढच्या भागात.