नारूचा व्रण आणि गांवची बारव

नांदेडजवळ विष्णुपुरी येथें गोदावरीचें पाणी बांध घालून अडविलें आहे आणि तें शहरास पुरविलें जातें. नळाचें पाणी पिणाऱ्या पिढीस 'नारू' हा शब्द आतां वडीलधाऱ्यांच्या तोंडूनच ऐकावयास मिळतो. एके काळीं मात्र खेड्यांतील पायाच्या चिघळणाऱ्या व्रणांमागें पुष्कळदां हाच रोग असे.

नारू हा दोऱ्यासारखा कृमि. त्याची मादी हातभराहून लांब वाढते. जुन्या आयुर्वेदग्रंथांत या रोगास 'स्नायुक' म्हटलें आहे. दूषित पाणी पोटांत गेल्यावर सुमारें वर्षभर रोग्यास कांहींच कळत नाहीं. मग पोटरीवर किंवा घोट्यापाशीं फोड येतो, भयंकर आग होते, फोड फुटून व्रण पडतो आणि त्यांतून कृमीचें पांढरें टोंक दिसूं लागतें.

उपचार शतकानुशतकें एकच राहिला. तें टोंक काडीस गुंडाळावयाचें आणि रोज बोट-दोन बोटें बाहेर काढावयाचें. घाई होऊन कृमि आंतच तुटला, कीं पाय सुजे, पू होई आणि कर्ता माणूस कित्येक आठवडे अंथरुणास खिळे. त्यांत पेरणीचे दिवस गेले, तर वर्षाचें पीक बुडे. या कृमीवर आजहि औषध वा लस नाहीं.

रोगाचें मूळ गांवच्या बारवेंत होतें. आग शमविण्यासाठीं रोगी पायऱ्या उतरून पाण्यांत पाय बुडवी; त्यासरशीं व्रणांतून असंख्य अळ्या पाण्यांत पडत. सायक्लॉप्स नांवाचे सूक्ष्म जलजीव त्या गिळीत आणि तेंच पाणी सारा गांव पीत असे. सायक्लॉप्सचा हा दुवा रशियन शास्त्रज्ञ फेडचेंको यांनीं १८७० च्या सुमारास दाखवून दिला.

भारतानें १९८३-८४ मध्यें निर्मूलनाची मोहीम आरंभिली. १९८४ सालीं देशांत सुमारें ४०,००० रुग्ण आढळले; बाधित राज्यांत महाराष्ट्रहि होता. व्रण धुऊन बांधावयाचा आणि रोग्यास पाण्यांत उतरूं द्यावयाचें नाहीं, हा पहिला नियम ठरला. बारवांच्या पायऱ्या बंद करून वरून पाणी शेंदण्याची सोय झाली, हातपंप बसले, पाणी फडक्यानें गाळण्याची संवय घरोघरीं लागली, आणि सायक्लॉप्स मारण्यासाठीं पाण्यांत टेमेफॉस घातलें गेलें. देशांतील शेवटचा रुग्ण १९९६ च्या जुलैंत राजस्थानांत आढळला. फेब्रुवारी २००० मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें भारत नारूमुक्त ठरविला.

विष्णुपुरी येथें आतां शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आजचे पायाचे व्रण बहुधा मधुमेहामुळें किंवा शिरांच्या विकारामुळें होतात. त्यांसहि नुसती मलमपट्टी पुरत नाहीं. रक्तांतील साखर आणि पायांतील रक्ताभिसरण यांकडे पाहावेंच लागतें.