बॅकअप आणि अभिलेखन : सर्व्हर कॉन्फिगरेशनचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
संगणकाच्या वाढत्या वेगाविषयी जेवढे लेखन झाले, तेवढे संगणकातील माहिती टिकविण्याच्या व्यवस्थेविषयी झालेले दिसत नाही. प्रत काढली म्हणजे जतन झाले, असा समज सर्वत्र रूढ आहे. प्रस्तुत लेखात आयबीएमच्या प्रणालीच्या आधारे या समजाची चिकित्सा केली आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
आयबीएमने १९५२ साली ७०१ या संगणकासोबत ७२६ हे चुंबकीय फितीचे यंत्र आणले. पुढे १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत 'टार' ही आज्ञा समाविष्ट झाली. मात्र यंत्रांची संख्या वाढली, तशी प्रत्येक यंत्राची स्वतंत्र प्रत काढणे अवघड झाले. जाळ्यातील अनेक यंत्रांच्या प्रती एका मध्यवर्ती सर्व्हरवर घेण्याची पद्धत यातूनच पुढे आली. मेरीलँड विद्यापीठात १९९१ मध्ये तयार झालेली 'अमांडा' ही प्रणाली या टप्प्याची द्योतक होय. १९९३ मध्ये आयबीएमने 'एडीएसएम' बाजारात आणली. १९९९ मध्ये तिला 'टिव्होली स्टोरेज मॅनेजर', २०१५ मध्ये 'स्पेक्ट्रम प्रोटेक्ट' आणि २०२३ मध्ये 'स्टोरेज प्रोटेक्ट' असे नाव मिळाले.

धोरणाचे महत्त्व :
नावे बदलली तरी या प्रणालीचा गाभा कायम राहिला. पहिल्या पूर्ण प्रतीनंतर केवळ बदललेल्या फाइलींचीच प्रत घेतली जाते. कोणती फाइल कोठे आहे, याची नोंद सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये असते. हा डेटाबेस नष्ट झाल्यास फिती शाबूत असूनही त्यांवरील माहिती हाती लागत नाही. म्हणून डेटाबेसचीही प्रत घ्यावी लागते.

याहून महत्त्वाचा भेद बॅकअप व अभिलेखन यांतील आहे. बॅकअपमध्ये आवृत्त्यांची संख्या मोजली जाते, तर अभिलेखनात काळ मोजला जातो. मूळ प्रमाणित धोरणानुसार अस्तित्वातील फाइलीच्या २ आवृत्त्या राहतात, तर अभिलेख ३६५ दिवस राहतो. त्यानंतर तो कालबाह्य ठरून वगळला जातो. याउलट, भारतातील कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२८ नुसार हिशेबाची पुस्तके किमान ८ आर्थिक वर्षे जपावी लागतात. म्हणजेच धोरणातील हा आकडा न बदलल्यास प्रणाली बिनचूक चालूनही कायद्याने आवश्यक असलेली कागदपत्रे नाहीशी होऊ शकतात. अभिलेख मुदतीपूर्वी पुसता येऊ नये, अशी संरक्षणाची सोयही या प्रणालीत आहे. परंतु सर्व्हरवर माहिती साठविण्यापूर्वीच ती सुरू करावी लागते.

पडताळणीचा अभाव :
३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. आवृत्ती न जुळल्यामुळे नियमित बॅकअप होतच नव्हता आणि अपयशाची सूचना देणारे ई-मेलही नाकारले जात होते. सुमारे ६ तासांपूर्वी घेतलेल्या एका प्रतीमुळेच बहुतांश माहिती वाचली.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, माहितीचे आयुष्य केवळ यंत्रावर नव्हे, तर धोरणातील आकड्यांवर अवलंबून असते. काय जपावे व किती काळ जपावे, हा निर्णय पूर्वी दफ्तरखान्याचा प्रमुख विचारपूर्वक घेत असे. आज तो अनेकदा कोणीही न घेता आपोआप घेतला जातो. म्हणून असा निर्णय संस्थेने स्वतः लेखी स्वरूपात घ्यावा आणि प्रत परत मिळते की नाही, याची ठरावीक काळाने पडताळणी करावी, हे अगत्याचे ठरते.